पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किती टिकेल, हे गिअरबॉक्सच्या बाहेर ठरतं

प्रश्न थोडक्यात असा: वापरलेला पिकअप घ्यायचा आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक जुनी, चार गिअरच्या ऑटोमॅटिकची. दुसरी अलीकडची, दहा गिअरची. आठवड्यातून एक-दोनदा जड ट्रेलर ओढायचा, एरवी गाडी रिकामीच फिरणार. "जुने चार गिअरवाले मरत नसत, आताचे दहा गिअरवाले टिकत नाहीत" असं सगळीकडून ऐकल्यामुळे मन जुन्या गाडीकडे झुकलंय. हे बरोबर आहे का?

गिअर किती आहेत यावरून निवड करू नका, हे माझं उत्तर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायची वेळ बहुतेकदा दोनच गोष्टी आणतात: उष्णता आणि घसरण. पिकअपमध्ये या दोन्ही किती होणार हे ॲक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा), टायरचा व्यास, कूलरची जागा, मागे लावलेलं वजन, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) कोन आणि कंट्रोल युनिटमधलं प्रोग्रॅमिंग मिळून ठरवतात. एकाच कारखान्यातून निघालेला तोच गिअरबॉक्स एका पिकअपमध्ये तीन लाख किलोमीटर चालतो आणि दुसऱ्यात लाखाच्या आत दुरुस्तीच्या टेबलावर येतो. दोन्ही खोलून शेजारी ठेवले की आतले भाग अगदी सारखे असतात. फरक असतो तो गाडीचा आणि वापराचा.

आधी उष्णता कुठे तयार होते ते बघू. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेला पंप ऑइल फेकतो, ते ऑइल टर्बाइनला फिरवतं, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो. गाडी जागेवरून निघताना हा टॉर्क साधारण दुप्पट होतो, म्हणून ऑटोमॅटिक पिकअप जड ट्रेलर घेऊनही अलगद निघू शकतो. पण पंप आणि टर्बाइन यांच्या वेगात फरक असेपर्यंत काही शक्ती ऑइल तापवण्यातच जाते. हिशेब करून बघा. चढावर इंजिन कन्व्हर्टरला ६० किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता त्या क्षणी ८० टक्के आहे, तर १२ किलोवॅट निव्वळ उष्णता झाली. गिअरबॉक्समध्ये दहा लिटर ऑइल आहे आणि कूलरने किंवा केसिंगने काहीच उष्णता घेतली नाही असं धरलं, तर ते ऑइल ८० अंशांवरून १२० अंशांवर जायला जेमतेम एक मिनिट लागेल. प्रत्यक्षात कूलर आणि धातू बरीच उष्णता ओढून घेतात. तरी कूलर चिखलाने भरलेला असेल तर काय होईल, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

जुन्या खनिज ऑइलसाठी आमच्या धंद्यात एक ठोकताळा होता: ८० अंशांच्या वर दर १०-११ अंशांमागे ऑइलचं आयुष्य निम्मं. ११५ च्या पुढे ऑइलचं व्हार्निश, म्हणजे चिकट थर, होऊन व्हॉल्व्हवर बसायला लागतं, १२५-१३० च्या आसपास रबराची सील कडक होऊ लागतात. आताची सिंथेटिक ऑइलं याहून बरीच तग धरतात आणि नवे गिअरबॉक्स मुद्दाम ९५ अंशांच्या आसपास चालवले जातात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. बिघडण्याचा क्रम मात्र तोच राहिला आहे. आधी ऑइल जातं, मग सील, मग क्लच प्लेटी, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाऊन गिअर जोडणाऱ्या चकत्या. सील कडक झालं की पिस्टनमागचं प्रेशर गळतं, प्लेटी पुऱ्या दाबल्या जात नाहीत, त्या घसरतात, आणि घसरण्याने आणखी उष्णता होते. इथपर्यंत आलेला गिअरबॉक्स आठवड्याभरातही संपू शकतो. मालकाला वाटतं अचानक गेला, पण सुरुवात महिन्यांपूर्वी झालेली असते.

आता गिअरच्या संख्येकडे वळू. "जुने मरत नसत" हे म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर बहुधा तीन गिअरवाले असतात: १९६२ चा क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७, १९६४ चा जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४००, १९६६ चा फोर्डचा सी६. ते खरोखरच दणकट होते. क्लच मोठे, भाग मोजके, आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या ताकदीच्या मानाने गिअरबॉक्स ऐसपैस. पण त्यांच्यानंतर ओव्हरड्राइव्हवाले (वरच्या गिअरमध्ये बाहेरचा शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारे) चार गिअर आले तेव्हा चित्र बदललं. इंधन वाचवायचं, वजन कमी ठेवायचं आणि तेवढ्याच जागेत एक गिअर जास्त बसवायचा, असे तीन आग्रह एकदम आले.

जनरल मोटर्सचा ४एल६०ई घ्या. १९८२ मधल्या ७००आर४ चा तो इलेक्ट्रॉनिक वारसदार, १९९३ पासून असंख्य पिकअपमध्ये बसला. त्याचे दोन दुखरे भाग धंद्यातल्या कोणालाही ठाऊक आहेत. एक, तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पॅक, जो प्रेशर जरा कमी पडलं की जळतो. दुसरा, सन शेल, म्हणजे सन गिअरला धरून ठेवणारा पातळ पत्र्याचा डबा. त्याची स्प्लाइन (खाचेदार दात) झिजली किंवा गळ्याशी तुटली की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम नाहीसे होतात, पहिला आणि तिसरा मात्र चालत राहतात. गिऱ्हाइकाने फोनवर एवढं सांगितलं तरी गिअरबॉक्स उतरवण्याआधीच बिघाड समजतो. त्यामुळे "जुना" म्हणजे आपोआप "दणकट" असं धरून चालू नका.

आता रेशो बघा, म्हणजे बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं ते. ४एल६०ई चा पहिला गिअर ३.०५९ आणि दुसरा १.६२५. ५,००० आरपीएमला गिअर बदलला तर इंजिनाला सुमारे २,६५० वर उतरावं लागतं, म्हणजे जवळजवळ २,३५० आरपीएमचा फरक त्या क्लचने घासून मिटवायचा. फोर्डने जनरल मोटर्ससोबत विकसित केलेल्या आणि २०१७ पासून एफ-१५० मध्ये आलेल्या १०आर८० मध्ये पाचवा गिअर १.५२० आणि सहावा १.२७५. तिथे तोच फरक ८०० च्या आसपास येतो. क्लचमध्ये होणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या वर्गावर चालते, त्यामुळे त्या एका बदलापुरती ती आठ पटींहून कमी होते. बदल जास्त वेळा होतात हे खरं, पण प्रत्येक बदल क्लचला बराच हलका जातो.

याहून मोठा फायदा पहिल्या गिअरमध्ये आहे आणि त्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. १०आर८० चा पहिला गिअर ४.६९६. मागे ३.५५ चा ॲक्सल धरा, गुणाकार १६.७ येतो. ४एल६०ई मागे ३.७३ चा ॲक्सल असला तरी गुणाकार ११.४ च. म्हणजे ट्रेलर जागेवरून हलवताना नव्या गाडीच्या चाकांना इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दीडपट वाढून मिळतो. गाडी लवकर हलते, कन्व्हर्टर घसरण्याच्या अवस्थेतून लवकर बाहेर पडतो आणि ऑइल कमी तापतं. ट्रेलर ओढणाऱ्यासाठी दहा गिअरांचा खरा अर्थ हा आहे. वरचे ओव्हरड्राइव्ह मुख्यतः इंधनासाठी आहेत.

मग नव्यांची बदनामी होते ती कशाने? तिलाही कारणं आहेत आणि ती मी झाकणार नाही.

पहिलं कारण लॉकअप क्लच. ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरच्या आतला क्लच पंप आणि टर्बाइनला थेट जोडतो, घसरण थांबते, उष्णता एकदम कमी होते. पूर्वी हा क्लच एकतर सुटा असायचा किंवा पूर्ण जोडलेला. आता इंधन वाचवण्यासाठी तो अगदी कमी वेगाला, खालच्या गिअरमध्येच जोडला जातो, आणि इंजिनाची थरथर केबिनमध्ये येऊ नये म्हणून मुद्दाम वीस-पन्नास आरपीएमने घसरत ठेवला जातो. दिवसभर थोडं थोडं घासत राहणारा क्लच टिकायचा तर त्याचं अस्तर आणि ऑइल या दोघांची जोडी अचूक जमली पाहिजे. ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक संपले किंवा ऑइलने ओल धरली, की घसरण्याचा वेग कमी होताना घर्षण उलट वाढायला लागतं. क्लच पकडतो-सोडतो-पकडतो, आणि ६० ते ९० च्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक खडीवरून चालल्यासारखी थरथरते. याला शडर म्हणतात. सुरुवातीला ऑइल पूर्ण बदलून तो थांबतो. तसंच चालवत राहिलं तर अस्तराची पूड ऑइलमधून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) जाते आणि मग नुसता कन्व्हर्टर बदलून भागत नाही.

दुसरं कारण पातळ ऑइल. डेक्स्रॉन-३ (जनरल मोटर्सचं जुनं ऑइल-मानक) च्या काळातल्या ऑइलची श्यानता, म्हणजे दाटपणा, १०० अंशांना सुमारे साडेसात सेंटिस्टोक असायची. आताच्या अति-पातळ प्रकारात ती साडेचारच्या आसपास आहे. पातळ ऑइल फिरवायला कमी शक्ती लागते, पण व्हॉल्व्ह बॉडीतलं छिद्र जरासं झिजलं तरी त्यातून ते जास्त गळतं. हे छिद्र ॲल्युमिनियमचं आणि त्यात दिवसभर पुढे-मागे थरथरणारा व्हॉल्व्ह. कन्व्हर्टरच्या क्लचचं प्रेशर सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचं छिद्र तर सगळ्यांत आधी अंडाकृती होतं. हे डोळ्यांना दिसत नाही, व्हॅक्यूम लावूनच कळतं. सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) बदलून बदलून थकलेली आणि तरी झटके मारणारी गाडी आली की मी सोलेनॉइडला हात न लावता आधी ही छिद्रं तपासतो.

तिसरं कारण, घट्ट बसवलेला, दुरुस्तीला महाग असा यंत्रांचा गठ्ठा. दहा गिअर म्हणजे चार प्लॅनेटरी सेट (मधल्या सन गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचे संच) आणि सहा क्लच, तेही जुन्या चार-सहा गिअरवाल्याच्या जागेत. प्लेटी पातळ, मोकळी जागा कमी, आणि कोणता क्लच किती मिलिसेकंदात भरायचा हे सगळं प्रोग्रॅमवर. प्रोग्रॅम झिजेप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे झीज बराच काळ लपून राहते आणि जुळवून घ्यायची मर्यादा संपली की एकदम वर येते. जुना गिअरबॉक्स आधी कुरकुरायचा, नवा उशिरापर्यंत गप्प असतो.

सगळेच नवे गिअरबॉक्स एका माळेचे नाहीत, हेही सांगायला हवं. झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी २००९ पासून रस्त्यावर आहे. त्यात चार प्लॅनेटरी सेट आणि फक्त पाच क्लच-ब्रेक आहेत, त्यांतले कोणत्याही गिअरमध्ये दोनच मोकळे असतात. मोकळ्या प्लेटी ऑइलमध्ये फिरत राहून ऑइल तापवतात, म्हणून मोकळे क्लच जितके कमी तितकं बरं. मला ती रचना मनापासून आवडते, कारण खोलल्यावर तिच्यात अनावश्यक काही सापडत नाही. दुसऱ्या टोकाला ॲलिसन १०००. हा मुळात मध्यम ट्रकांसाठीचा, आणि २००१ पासून जनरल मोटर्सच्या जड डिझेल पिकअपमध्ये आला. त्याला इंजिनासारखा बाहेरून फिरवून काढता येणारा ऑइल फिल्टर आहे. पॅन (तळाची ऑइलची थाळी) न उघडता फिल्टर बदलता येतो, म्हणून तो खरंच बदलला जातो. रचनाकाराने मालकाचं काम इतकं सोपं करावं, हे टिकाऊपणाच्या दृष्टीने मला कुठल्याही जाड गिअरइतकंच मोलाचं वाटतं.

आता गाडीच्या रचनेकडे. गिअरबॉक्स विकत घेणारा माणूस इथे बघतच नाही.

टायरपासून सुरुवात करतो, कारण स्वतःच्या हाताने केलेलं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. गाडी ३१ इंची टायर आणि ३.७३ ॲक्सलवर आली. कोणीतरी हौसेने ३५ इंची टायर लावले. आता ॲक्सल प्रत्यक्षात ३.३० सारखा वागतो. निघताना कन्व्हर्टर जास्त वेळ घसरतो, चढावर लॉकअप टिकत नाही, गिअर सारखे वर-खाली होतात. वर टायर जड असल्याने त्यांना फिरवायला आणि थांबवायला वेगळीच ताकद लागते. गिअरबॉक्सला मूळ परिस्थिती परत द्यायची तर ॲक्सल ४.१० ते ४.३० च्या दरम्यान हवा आणि कंट्रोल युनिटला नवा व्यास सांगायला हवा. मोठे टायर आणि मूळ ॲक्सल अशी गाडी ट्रेलर ओढायला वापरलेली असेल तर मी ती घेऊ नका म्हणेन, रंग कितीही चकाकत असो.

मग कूलर. पूर्वी गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या नळीतून थंड व्हायचं. त्याचा फायदा थंडीत ऑइल लवकर गरम व्हायला होतो. तोटा भयंकर आहे: ती नळी आतून फुटली की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात आणि पॅनमधून गुलाबी दुधासारखं काहीतरी निघतं. कूलंटमधलं ग्लायकॉल आणि पाणी क्लच प्लेटींवरचं अस्तर चिकटवणारा गोंद सोडवतात. अशा गाडीचं ऑइल चार वेळा बदलून उपयोग होत नाही, प्लेटी बदलाव्याच लागतात. जुन्या पिकअपमध्ये रेडिएटर मूळचा असेल तर गाडी घेतल्या घेतल्या तो बदला किंवा ऑइलसाठी वेगळा हवेवरचा कूलर लावा. नव्या रेडिएटरचा खर्च नव्या गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ आहे.

हवेवरचा कूलर एसीच्या कंडेन्सरसमोर किंवा शेजारी असतो. पिकअप शेतात, बांधकामावर, मातीत फिरतो. या दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत गवताचं कुसळ आणि चिखल बसतो. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्च घेऊन वरून फटीत बघा. पुढे लावलेली विंच, जाड बंपर, दिव्यांची पट्टी यांनीही हवा अडते, आणि पॅनखाली लावलेली संरक्षक प्लेट पॅनला लागणारा वारा बंद करते. यांतली प्रत्येक वस्तू एकेकटी निरुपद्रवी आहे. चारही एका गाडीवर असल्या की मग उन्हाळ्यातल्या घाटात तापमानाचा काटा वर चढतो.

कंपनीने सांगितलेली ओढण्याची क्षमता कितपत खरी मानावी, असंही विचारलं जातं. गाडीचं रेटिंग एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे असेल तर त्यामागे खरी कसोटी आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांची उष्णता, एसी पूर्ण सुरू, मागे कमाल वजन, आणि ठरावीक वेगाच्या खाली यायचं नाही. शिवाय १२ टक्के चढावर पुन्हा पुन्हा थांबून निघायचं, पुढेही आणि रिव्हर्समध्येही. हे पार करणाऱ्या गाडीच्या कूलिंगवर माझा विश्वास आहे. मात्र ही कसोटी नव्या, स्वच्छ कूलरच्या, मूळ टायरच्या गाडीवर होते. शिवाय गाडीवर लादलेलं वजन आणि ट्रेलर मिळून एकत्रित मर्यादेत बसले पाहिजेत. हौद्यात सिमेंट भरून वर कमाल ट्रेलर जोडला तर तो आकडा तुमच्या गाडीला लागू राहत नाही.

चासिसचाही थेट संबंध आहे. पिकअपचे मागचे पाटे जोर लावल्यावर पिळवटतात आणि ॲक्सलचं तोंड वर उचललं जातं. त्याच वेळी वजनाने मागचा भाग खाली बसतो. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा कोन रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत वेगळा. लांब गाडीत एकच शाफ्ट वेगात थरथरू लागतो, म्हणून तो दोन तुकड्यांत करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात. हे बेअरिंग किंवा क्रॉस (शाफ्टचा सांधा) झिजले की थरथर सरळ गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या बुशला (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळीला) खाते, बुश गेला की मागचं सील टिकत नाही, ऑइल थेंब थेंब कमी होतं, आणि शेवटी "गिअरबॉक्स गेला" म्हणून गाडी येते. चार चाकी ड्राइव्हच्या गाडीत तर मागे ट्रान्स्फर केसचं (पुढच्या चाकांनाही ताकद वाटणाऱ्या डब्याचं) वजन लटकत असतं, तिथे गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग खचलं की केसिंगला तडे जाऊ शकतात. गाडी उंच केली असेल तर हे कोन आणखी बिघडतात. नवं सील टाकण्याआधी शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघावा. बुश सैल असेल तर नवं सीलही फार टिकत नाही.

ऑइलबद्दल थोडक्यात. "आयुष्यभराचं ऑइल" या शब्दांवर विसंबू नका. झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं असा बदल सुचवते, गाडीच्या पुस्तकात काहीही छापलेलं असो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मी ६०,००० च्या पुढे जाऊ देत नाही. ऑइल नेमकं सांगितलेल्या प्रकारचंच हवं, "सगळ्यांना चालतं" असं लिहिलेलं मला घसरत्या लॉकअपच्या गिअरबॉक्समध्ये मान्य नाही. पातळी बघायला डिपस्टिक नसेल तर इंजिन सुरू ठेवून, गाडी सपाट उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बाजूच्या प्लगमधून बघतात. गरम ऑइल फुगतं, त्यामुळे तापमान न बघता भरलेलं ऑइल हमखास चुकतं. कमी असेल तर चढावर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरणारे भाग त्याला फेस आणतात, आणि फेसाळ ऑइलने क्लच दाबला जात नाही. जुन्या गाडीत ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो, या समजुतीमागचं कारण साधं आहे: बहुतेक लोक घसरण सुरू झाल्यावर ऑइल बदलायला येतात. तेव्हा प्लेटी आधीच गेलेल्या असतात.

चालवण्यातल्या दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकीच्या पुस्तकात असतात. ट्रेलर मागे असताना टो-हॉल मोड लावा. त्याने गिअर उशिरा बदलतात, वर-खाली होण्याचं प्रमाण कमी होतं आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग मिळतं. दुसरी गोष्ट, जड ट्रेलर चढावर किंवा रॅम्पवर रिव्हर्समध्ये वर ढकलायचा असेल आणि गाडीला लो रेंज (ट्रान्स्फर केसमधला हळू पण जास्त जोराचा टप्पा) असेल तर ती वापरा. रिव्हर्समध्ये गाडी मुंगीच्या गतीने जाते, कन्व्हर्टर जवळजवळ पूर्ण घसरत असतो, समोरून वारा नसतो. गिअरबॉक्सला यापेक्षा वाईट पाच मिनिटं नाहीत. लो रेंजचा अडीच-पावणेतीनचा रेशो ते काम कन्व्हर्टरकडून काढून गिअरकडे देतो. फक्त कोरड्या पक्क्या जमिनीवर चारही चाकं जोडलेली असताना चाक जास्त वळवू नका.

तर आता तुमच्या दोन गाड्या. कागदावर मी दहा गिअरवाली निवडेन, कारण तुमचा मुख्य त्रास ट्रेलर जागेवरून हलवण्याचा आहे आणि तिथे ती सरस आहे. पण अट अशी की पुढच्या तपासणीत ती उतरली पाहिजे. जुनी गाडी या तपासणीत उतरली आणि नवी नाही, तर बिनदिक्कत जुनी घ्या, आणि वर सांगितलेला रेडिएटर बदला.

गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा. डी आणि रिव्हर्स टाकल्यावर पकडायला एखाद्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर सील किंवा पंपाकडे संशय घ्या. मग किमान अर्धा-पाऊण तास चालवा. बहुतेक दोष गरम झाल्यावरच दिसतात, कारण तेव्हा ऑइल पातळ होऊन झिजलेल्या जागांतून गळतं. विकणारा दहा मिनिटांच्या फेरीवर भागवत असेल तर मान्य करू नका. ८० च्या स्थिर वेगाला ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला हलकेच स्पर्श करा. लॉकअप सुटून आरपीएम दोन-तीनशेने वर उडाला आणि पाय काढल्यावर परत बसला, तर लॉकअप काम करतोय. काहीच हललं नाही तर तो जोडलाच जात नसेल. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचं तापमान आणि कन्व्हर्टरची घसरण चालत्या गाडीत बघा. नुकतेच बिघाडाचे कोड पुसलेले असतील तर स्व-चाचण्या अपूर्ण दिसतात, तसं दिसलं तर का, ते विचारा.

शेवटी पॅन उतरवायची परवानगी मागा, नव्या ऑइलचा खर्च तुम्ही द्या. नळीतून काढलेलं लालभडक ऑइल काही सिद्ध करत नाही, ते कालच भरलेलं असू शकतं. पॅनमधलं चुंबक मात्र खरं सांगतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे लोखंडी कण आले तर बेअरिंग किंवा गिअर खातंय. पॅनच्या तळाशी पिवळसर चमक म्हणजे बुश, चंदेरी आणि चुंबकाला न चिकटणारे कपटे म्हणजे ॲल्युमिनियम, बहुधा पंप किंवा केसिंग. आणि काळे, कागदाच्या लगद्यासारखे तंतू, सोबत जळका वास, म्हणजे क्लच प्लेटींचं अस्तर. हे शेवटचं दिसलं तर संपूर्ण गिअरबॉक्स बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. विकणारा तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.